पाऊण गुंठ्यातला शोध

मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ. बहुतेकांची नजर ठिपक्यावर खिळते. जिओकॅशिंग खेळायचं असेल तर आधी वर्तुळाकडे बघायला शिका. उघड्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर सांगतो. पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ७८ चौरस मीटर, आपल्याकडच्या हिशेबात पाऊण गुंठा. त्या पाऊण गुंठ्यात कुठेतरी डबा आहे, एवढंच फोन सांगू शकतो. पुढचं काम तुमच्या डोळ्यांचं.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक झाकणबंद डबा लपवतो, त्यात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी आकडे घेऊन निघायचं, डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. डब्यातली एखादी चीजवस्तू उचलली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची. बस.

हा खेळ जन्मलाच मुळी अचूकतेतून. १ मे २००० रोजी, म्हणजे आपण इकडे महाराष्ट्र दिन साजरा करत होतो त्याच दिवशी, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातली जाणारी चूक काढून टाकण्याची घोषणा केली. तोपर्यंत सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. शंभर मीटर त्रिज्येत पावणेआठ एकर रान बसतं. एवढ्या रानात डबा कोण शोधणार? घोषणा झाली त्याच रात्री ती चूक बंद झाली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. दोन-तीन दिवसांत ती सापडलीसुद्धा. पावणेआठ एकरांचं रान काही गुंठ्यांवर आलं, तेव्हा कुठे शोधण्यात मजा आली.

मग अचूकता आणखी वाढली तर मजाही वाढेल का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्ली रोव्हर नावाचं अचूक जीपीएस यंत्र घेऊन येतात आणि बांधाची खूण काही सेंटीमीटरच्या फरकाने दाखवतात. तो रोव्हर या खेळात आणला तर माणूस थेट डब्यावर जाऊन उभा राहील आणि खेळ तिथेच आटोपेल. मात्र उलट बाजूने चूक वाढली की शोधणारा वैतागतो, आणि वैतागलेला माणूस दगड उपटतो, फांद्या मोडतो, दुसऱ्याचं पीक तुडवतो. म्हणून लपवणाऱ्याने आकड्यांच्या बाबतीत कंजूष सोनारासारखं काटेकोर असावं आणि शोधणाऱ्याने आकड्यांवर फार विसंबू नये, असं माझं सांगणं आहे.

एक हिशेब लक्षात ठेवा. लपवणाऱ्याचा फोन पाच मीटर चुकतो आणि शोधणाऱ्याचाही पाच मीटर चुकतो. दोन्ही चुका नेमक्या विरुद्ध दिशेने असतील असं नाही, त्यामुळे दहा होत नाहीत, पण सरासरी सातच्या आसपास जातात. सात मीटर त्रिज्या म्हणजे दीड गुंठा. लपवणाऱ्याने घाईत आकडे घेतले आणि तो दहा मीटर चुकला, तर शोधणाऱ्याच्या गळ्यात साडेतीन-चार गुंठे पडतात. मोकळ्या माळावर एकच झाड असेल तर ते चालून जातं. बोरी-बाभळीच्या दाट कुपाटीत नाही चालत.

डबा लपवणाऱ्यांसाठी

नकाशावर आसपास एकही डबा दिसत नसेल तर पहिला तुम्हीच ठेवा. आपल्या जालना जिल्ह्यात जागांना तोटा नाही. पण आकडे घेताना पुढची पथ्यं पाळा.

घरातून निघण्याआधीच लोकेशन चालू करा. उपग्रह आपली स्थिती फार संथपणे कळवतात. नेटवर्क असेल तर फोन तीच माहिती इंटरनेटवरून पटकन घेतो. रेंज नसलेल्या शिवारात जाऊन पहिल्यांदा लोकेशन लावलं तर ठिपका बराच वेळ इकडून तिकडे फिरतो. जागेवर पोहोचल्यावर फोन छातीजवळ धरू नका, उघड्या हातावर किंवा दगडावर, पडदा आभाळाकडे करून ठेवा आणि दोन-चार मिनिटं थांबा. अँड्रॉइडवर ‘अचूकता ४ मीटर’ असं दिसलं तर त्याचा अर्थ खरी जागा नक्की चार मीटरच्या आत आहे असा नसतो. तीनातल्या दोन वेळा ती आत असते, एक वेळ बाहेर.

त्यामुळे एकदा आकडे घेऊन भागत नाही. तिथेच उभं राहून लागोपाठ दहा वेळा घेतले तरी फारसा फायदा नाही, कारण आभाळातले उपग्रह तेच असतात आणि चूकही तीच राहते. सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी भलत्याच वेळी एकदा जा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलात तर उपयोग नाही. जीपीएसचे उपग्रह रोज जवळपास त्याच वेळी, फार तर चार मिनिटं आधी, त्याच जागी येतात. वेगवेगळ्या वेळच्या आकड्यांची सरासरी काढा. एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब पडत असेल तर तो खुशाल सोडून द्या.

संध्याकाळचं टाळा, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपण विषुववृत्ताच्या तसे जवळ. वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतभारित कण या महिन्यांत सूर्यास्तानंतर खवळतात आणि संदेश थरथरतो. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत हा त्रास वाढतो. नव्या फोनमध्ये दोन वारंवारतांवर संदेश घेण्याची सोय असते, त्यामुळे त्या थरामुळे होणारी चूक बरीचशी कापली जाते. तुमच्या फोनला ती सोय आहे का, आपल्या देशाच्या ‘नाविक’ यंत्रणेचे उपग्रह तो पकडतो का, हे बघायला जीपीएसटेस्टसारखं फुकटचं ॲप पुरतं. त्यात कोणत्या देशाचे किती उपग्रह मिळताहेत ते दिसतं.

आता आकडे लिहिण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठे घोटाळे इथेच होतात. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश-मिनिटं वापरतात. उदाहरणार्थ जालना शहराचा अक्षांश १९° ५०.४६०′ असा लिहितात. कुणी तो १९ अंश ५० मिनिटं ४६ सेकंद असा वाचला तर माणूस साडेपाचशे मीटर उत्तरेला जाऊन उभा राहतो. कुणी १९.५०४६० अंश असा टाकला तर तो ३७ किलोमीटर दक्षिणेला, अंबडच्याही पुढे पोहोचतो. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळावरचा एक आकडा म्हणजे जवळपास १.८ मीटर. तेव्हा तिन्ही स्थळं लिहा; चौथ्याची गरज नाही, तेवढी लायकी फोनची नसते. आणि घरी बसून उपग्रहचित्रावर बोट ठेवून आकडे काढू नका. ती चित्रं काही ठिकाणी चांगली सरकलेली असतात. जुन्या सर्वेक्षण नकाशांवरचे आकडे तर मुळीच घेऊ नका, त्यांचा पाया वेगळा आहे आणि फरक सहज शंभर मीटरच्या घरात जातो.

डबा कसला असावा? हवाबंद, पारदर्शक प्लास्टिकचा. परदेशात लष्करी लोखंडी पेट्या वापरतात. जालन्यात तो विचारही करू नका. भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्यांच्या गावात बेवारस लोखंड किती तास टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको. वही झिपच्या पिशवीत घाला, पेन नको, पेन्सिल ठेवा. खाऊ ठेवला की मुंग्या आणि उंदीर आलेच. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे, धोकादायक काही नाही’, आणि खाली संपर्काचा नंबर. जमीनमालकाची परवानगी, आणि गावात सरपंच व पोलीस पाटलांच्या कानावर घालणं, हे आधी. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, राजूरसारखं गर्दीचं देवस्थान इथे डबा ठेवायचाच नाही. बेवारस वस्तू दिसली की पोलीस येणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

डबा जमिनीत पुरायचा नाही, असा खेळाचा नियमच आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या देवळाभोवती हातात यंत्र घेऊन घिरट्या घालणारा आणि मध्येच वाकून माती उकरणारा माणूस गावाला एकाच कामासाठी आलेला वाटतो: गुप्तधन. समजावून सांगेपर्यंत शंभर माणसं जमतात.

दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, हाही नियम. ते राखलं नाही तर एका डब्याचा शोध घेणारा दुसऱ्यावर जाऊन आदळतो.

कोणत्या जागेवर फोनवर किती विश्वास ठेवावा

जालन्याजवळच्या घाणेवाडीच्या निजामकाळातल्या तलावाचा बांध घ्या. चहूबाजूंनी आभाळ मोकळं. इथे तीन-चार मीटरची अचूकता मिळते, म्हणून इथे डबा जरा अवघड लपवायला हरकत नाही. काढणीनंतरची कपाशीची किंवा सोयाबीनची रानंही अशीच.

वडाखाली चित्र बदलतं. दाट पानांतून संदेश गाळून येतो आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांतून आणखी क्षीण होतो. पावसाळ्यात वडाखाली घेतलेले आकडे उन्हाळ्यात तपासून बघावेत.

जालना शहरातल्या कादराबादच्या बोळांत आणि औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडपाशी फोन सरळ खोटं बोलतो. त्याचं कारण समजून घ्या. वीस हजार किलोमीटरवरून निघालेला संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात तो संदेश ३० सेंटीमीटर चालतो. तो भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून वळसा घेऊन आला की फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि ठिपका रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात जाऊन बसतो. अशा जागी वर्तुळ लहान दिसलं तरी त्यावर विसंबू नका. शहरात डबा ठेवायचा तर ठळक खूण असलेली जागा निवडा आणि संकेतस्थळावर आकड्यांसोबतच्या सूचनेत ती खूण द्या. शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणारला गेलात तर विवराच्या कड्याला चिकटून चालताना असाच अनुभव येतो: अर्धं आभाळ कड्याआड जातं, उरलेल्या अर्ध्यातले उपग्रह एकाच बाजूला गोळा झालेले असतात.

आपल्या जिल्ह्यातल्या अन्वा इथल्या महादेव मंदिरासारख्या जुन्या वास्तूत डबा ठेवणं गैरच. पण ती वास्तू खेळात आणता येते. त्यासाठी टप्प्याटप्प्याचा शोध रचा. पहिले आकडे मंदिरापाशी नेतात. तिथे काहीच लपवलेलं नसतं. येणाऱ्याने मंडपाचे खांब मोजायचे, किंवा एखाद्या पट्टीवरच्या मूर्ती, आणि ती संख्या सूत्रात घालून शेवटच्या डब्याचे आकडे काढायचे. तो डबा वास्तूपासून दूर, परवानगी घेतलेल्या शेताच्या कडेला. दगडी मंडपात जीपीएस पार आंधळं झालं तरी बिघडत नाही, खांब मोजायला उपग्रह लागत नाही. शिवाय माणूस मंदिर नीट बघतो. एरवी दोन फोटो काढून लोक पाचव्या मिनिटाला गाडीत बसतात.

शोधणाऱ्यांसाठी

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे इंग्रज सेनापती वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. केळणा नदी ओलांडायला उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याने समोर पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. दोन गावं इतकी जवळ असतील तर लोकांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा त्याने तर्क केला आणि तो खरा निघाला. त्यांपैकी पिंपळगावचा तो उतार सापडला नसता तर लढाईचं काय झालं असतं, हा वाद इतिहासकारांनी घालावा. माझ्या कामाचा आहे तो तर्क. डबा शोधताना शेवटच्या दहा मीटरमध्ये हेच करायचं असतं: माणसाने ही वस्तू इथे ठेवली, तर कुठे ठेवेल?

तंत्र असं. डबा तीस मीटरवर आला की थांबा. इथून पुढे अगदी हळू चालताना फोनवरचा बाण गरगरतो, कारण तुम्ही कुठल्या दिशेने सरकताय हे त्याला कळेनासं होतं. होकायंत्र बिघडलं असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, आणि मोटरसायकलपासून लांब जाऊन फिरवा, लोखंडाने त्याची सुई भरकटते. मग तीस मीटरवरून बाण कुठे दाखवतो ते बघून त्या रेषेतली एखादी खूण धरा. त्यानंतर वळसा घालून दुसऱ्या बाजूने, साधारण काटकोनात, तेवढ्याच अंतरावर या आणि पुन्हा रेषा धरा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे जा आणि फोन खिशात टाका. खरंच टाका. हातात फोन असेपर्यंत डोळे जागे होत नाहीत.

आता बघायचं काय? दगड रचलेला दिसतो की पडलेला? एकाच दगडाखालचं गवत पिवळं का? झाडाच्या ढोलीत वाळलेली पानं आपोआप जमतात, पण त्यावर सारख्या मापाचे तीन खडे कसे आले? बांधावरच्या इतर दगडांवर धूळ आहे आणि याच्यावर नाही? डबा बहुधा कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत किंवा पायाशी असतो, डोक्यावर क्वचितच. हे सगळं वर्तुळाच्या आत करा. काही सापडलं नाही तर वर्तुळ पाच मीटरने वाढवा. तरीही नाही, तर सूचना वाचा. सूचना वाचण्यात कमीपणा नाही. ती त्यासाठीच लिहिलेली असते.

हात घालण्याआधी काठी घाला. दगडांच्या राशीत फुरसं आणि विंचू राहतात, त्यांना आपल्या खेळाचे नियम माहीत नाहीत. पडद्याकडे बघत चालायचं नाही, हे मी सगळ्यात ठासून सांगेन. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात झाकलेल्या. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, त्याचं कौतुकच आहे. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पाय घसरला तर वर चढायला काही पकडता येत नाही, पोहणाऱ्यालाही नाही. मुलांना सोबत घेतलं असेल तर एकाने फोन बघायचा आणि दुसऱ्याने वाट बघायची, असं काम वाटून द्या.

पाच मीटरची चूक तुम्हाला अगदी सहज बांधापलीकडे, दुसऱ्याच्या रानात नेते. समृद्धी महामार्गासाठी मोजण्या झालेल्या या जिल्ह्यात फोन हातात धरून बांधावर घुटमळणारा अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘काय हो, मोजणीवाले का?’ लपवाछपवी करू नका. राम राम घाला, खेळ सांगा, फोनवरचा ठिपका दाखवा. फोनवरच्या ई-पीक पाहणीमुळे बहुतेक शेतकऱ्यांना ठिपका म्हणजे काय आणि तो शेजारच्या गटात कसा जाऊन बसतो हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. कित्येकदा तेच म्हणतात, ‘थांबा, त्या लिंबाखाली काहीतरी ठेवलेलं बघितलं होतं.’

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या आप्तांना एक निरोप जरूर द्या. हातात धरायचं साधं जीपीएस यंत्र चालतं, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, गार्मिनच्या इनरीचसारखी, परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. विमानतळावर लोक अडकले आहेत. ते यंत्र तिकडेच ठेवून यावं.

डबा सापडला की वहीत नाव लिहाच, पण त्याआधी फोन झाकणावर ठेवून दोन मिनिटं थांबा आणि आपले आकडे टिपून घ्या. जाहीर केलेल्या आकड्यांपेक्षा ते दहा मीटरहून जास्त वेगळे येत असतील तर संकेतस्थळावरच्या नोंदीत तसं लिहा: किती मीटर, कोणत्या दिशेला, कोणत्या वेळी आणि कोणत्या फोनवर. तिघा-चौघांनी एकाच दिशेचा फरक कळवला, तर लपवणाऱ्याने पुन्हा जाऊन आकडे घ्यावेत आणि दुरुस्ती टाकावी. फरक प्रत्येकाचा वेगळ्या दिशेला असेल तर आकड्यांना हात लावू नये, ते बरोबर आहेत.